वाहत्या दाण्यांचे मोजमाप: भिलाईची झोतभट्टी आणि प्रयोगशाळेतील चित्रफीत

भिलाईचा पोलाद कारखाना म्हटला की वितळलेल्या लोखंडाचा लालभडक प्रवाह आणि रेल्वेचे लांबलचक रूळ यांचीच आठवण प्रथम होते, परंतु लोखंड वितळण्याच्या अवस्थेला पोहोचेपर्यंत या कारखान्याचा निम्माअधिक कारभार दाणेदार पदार्थांच्या वाहतुकीचा असतो. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले; तेव्हापासून दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतील लोहखनिज, नंदिनीची चुनखडी, हिर्रीचा डोलोमाइट आणि दगडी कोळशापासून केलेला कोक हे सारे दळून, चाळून, सरकत्या पट्ट्यांवरून वाहून, मोठमोठ्या हॉपरांतून ओघळत भट्टीच्या माथ्यापर्यंत पोहोचत आले आहे. पाणी किंवा हवा कशी वाहते हे सांगणारी समीकरणे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाली. कोरडे दाणे कसे वाहतात हे सर्व परिस्थितींत सांगू शकेल असे एकही सर्वमान्य समीकरण मात्र अद्याप हाती नाही. म्हणूनच दाण्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष मोजमापाला जे महत्त्व आहे, ते द्रवांच्या अभ्यासात आता क्वचितच उरले आहे.

झोतभट्टीत वरून कोक आणि खनिज यांचे थर आलटून पालटून टाकले जातात आणि खालून फुंकलेल्या तप्त हवेपासून तयार झालेले वायू या थरांतील फटींमधून वर चढतात. खनिजाऐवजी बहुतेकदा सिंटर वापरतात. बारीक खनिज, कोकचा चुरा आणि चुनखडी एकत्र भाजून केलेल्या सच्छिद्र तुकड्यांना सिंटर म्हणतात. वायू कोठून अधिक वाहील हे फटींच्या आकारावर अवलंबून असते आणि फटींचा आकार कोणता दाणा कोठे जाऊन विसावला यावर. जुन्या भट्ट्यांच्या माथ्यावर घंटेच्या आकाराची दोन झाकणे असत व ती खाली सरकली की माल कडेने घसरे. १९७० च्या दशकापासून लक्झेंबर्गच्या पॉल वुर्थ कंपनीच्या घंटाविरहित रचनेचा प्रसार झाला. तीत हॉपरमधून आलेला माल एका फिरत्या, कोन बदलता येणाऱ्या पन्हळीवरून हव्या त्या वर्तुळात टाकता येतो. भिलाईतील आठव्या क्रमांकाची, ‘महामाया’ नावाने ओळखली जाणारी ४,०६० घनमीटरची भट्टी २०१८ मध्ये सुरू झाली, ती याच रचनेची आहे. पन्हळीचा कोन किती ठेवावा, ती किती फेरे फिरवावी, कोक आधी टाकावा की खनिज, या प्रश्नांची उत्तरे दाण्यांच्या गतीवर अवलंबून असतात. पण चालू भट्टी बंदिस्त, दाबाखालची, धुळीने भरलेली आणि तप्त असते. रडारने वरच्या थराचा आकार कळतो, तापमापकांनी वायूचा मार्ग साधारणपणे ताडता येतो, परंतु दाणा सरकताना दिसत नाही. तो पाहायचा असेल तर प्रयोगशाळेत काचेची भिंत असलेली लहान प्रतिकृती करून तिच्यासमोर कॅमेरा लावणे हाच सर्वांत सरळ मार्ग उरतो.

दाणेदार पदार्थ द्रवासारखा वाहत असला तरी वागतो वेगळाच, आणि हा वेगळेपणा किती मुळापासूनचा आहे हे दोन जुन्या निष्कर्षांवरून स्पष्ट होते. ब्रेमेनच्या यान्सेन या अभियंत्याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठीतील दाब मोजला, तेव्हा त्याला आढळले की पाण्याप्रमाणे खोलीबरोबर दाब वाढत न जाता काही खोलीनंतर तो जवळपास स्थिर होतो, कारण वरचे बरेचसे वजन घर्षणाच्या द्वारे भिंती तोलून धरतात. दुसरा निष्कर्ष नेदरलँड्समधील बेव्हर्लू आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, १९६१ सालचा. जवस, पालक, मोहरीवर्गीय पिके अशांच्या बिया गोल भोकातून सांडून त्यांनी दाखवले की बाहेर पडणारा प्रवाह वर माल किती उंच भरला आहे यावर जवळजवळ अवलंबून नसतो. भोकाच्या व्यासातून दाण्याच्या आकाराच्या प्रमाणातला एक लहानसा हिस्सा वजा केला की उरलेल्या व्यासाच्या अडीचाव्या घाताने तो वाढतो. म्हणजे ही उरलेली रुंदी दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहूनही अधिक होतो. दाण्यांची जात बदलली तरी नियम टिकतो, ही या प्रयोगाची खरी मौज.

याशिवाय दाणे वाहता वाहता आपोआप वेगळेही होतात. लहानमोठ्या दाण्यांचे मिश्रण उतारावरून घसरले की बारीक दाणे हलत्या फटींतून गळत खाली जातात, मोठे वर राहतात, आणि वरचा थर अधिक वेगाने धावत असल्याने मोठे दाणे ढिगाच्या पायथ्याशी गोळा होतात. मिश्रण करण्यासाठी केलेली हालचालच येथे मिश्रण मोडते. झोतभट्टीत याचा अर्थ असा की पन्हळीवरून पडलेल्या मालाचे खडे कोणत्या दिशेला घरंगळले यावर वायूचा मार्ग ठरतो, आणि सिंटरच्या जागी गोलसर गुठळ्या वापरल्या तर त्यांचा ढीग अधिक सपाट होत असल्याने सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

या वर्तनाला नियमात बांधण्याचे प्रयत्न १९५४ मध्ये ब्रिटिश सैन्याधिकारी-संशोधक बॅगनोल्ड याच्यापासून गंभीरपणे सुरू झाले. २००६ मध्ये जोप, फोर्तेर आणि पुलिकेन या फ्रेंच संशोधकांनी मांडलेला नियम आज सर्वाधिक वापरला जातो. त्यात घर्षणाचा गुणांक एका संख्येवर अवलंबून असतो. ही संख्या म्हणजे दोन काळांचे गुणोत्तर, एक, वरच्या दाबामुळे दाण्याला जवळच्या खळग्यात ढकलले जाण्यास लागणारा काळ, आणि दुसरा, शेजारचा थर एका दाण्याइतका पुढे सरकण्यास लागणारा काळ. दुसरा काळ काढण्यासाठी लगतच्या थरांच्या वेगांतील फरक माहीत हवा. साऱ्या अडचणी येथेच सुरू होतात, कारण दोन मापांचा फरक घेतला की माप लहान होते आणि चूक मात्र मोठी होते. वेग पाच टक्क्यांच्या अचूकतेने मोजला म्हणजे वेगातील फरकही तेवढ्याच अचूकतेने मिळेल, असे समजणारा प्रयोगकर्ता पहिल्याच आलेखाशी अडखळतो.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळता येईल. दोन सेंटिमीटर अंतरावर समांतर उभ्या केलेल्या दोन काचा, त्यांच्यामध्ये दोन मिलिमीटर व्यासाचे काचमणी किंवा पोलादी गोळ्या, समोर काटकोनात बसवलेला कॅमेरा आणि बाजूने येणारा प्रकाश, एवढ्यावर उत्तम प्रयोग होऊ शकतो. प्लास्टिकच्या पारदर्शक भिंती स्वस्त पडतात, पण घर्षणाने त्यांवर स्थिर विद्युत् साठते आणि हलके दाणे भिंतीला चिकटतात, म्हणून काच बरी. समजा, एक दाणा चित्रात दहा पिक्सेलांएवढा दिसतो. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान चौकोनी ठिपका. तेव्हा एक पिक्सेल ०.२ मिलिमीटरचा झाला आणि १,२८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात सुमारे २५६ मिलिमीटरचा पट्टा मावला. वरच्या थरातील दाणा सेकंदाला एक मीटर वेगाने धावत असेल, तर सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या साध्या कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये तो ३३ मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या सोळा पट पुढे गेलेला असेल आणि शेकडो एकसारख्या दाण्यांतून त्याला पुन्हा ओळखणे अशक्य होईल. सेकंदाला १,००० चित्रे टिपली तर तो एकाच मिलिमीटरने, अर्ध्या व्यासाने सरकलेला सापडेल. चित्र पुसट होऊ नये म्हणून शटरही तेवढ्याच चपळाईने मिटावे लागते. दाणा आपल्या व्यासाच्या दहाव्या भागाहून अधिक ओढल्यासारखा दिसू नये असे वाटत असेल, तर या वेगाला सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढेच उघडणे परवडते. एवढ्या थोड्या वेळात पुरेसा उजेड मिळावा म्हणून दिवे प्रखर लागतात, आणि घरगुती वीजपुरवठ्यावरील दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होत असल्याने हजार चित्रांच्या गतीला दर दहा चित्रांमागे उजेडाची लाट उमटते. ती टाळायची तर एकदिश विजेवरचे दिवे हवेत.

विशेष म्हणजे पुसटपणाचाच उपयोग करून घेणारी एक पद्धत आहे आणि तिचे एक सुंदर उदाहरण महाराष्ट्रातले आहे. मुंबईच्या आयआयटीत देवांग खक्कर आणि आशिष ओर्पे यांनी मंदगतीने फिरणाऱ्या उथळ नळकांड्यातील पोलादी गोळ्यांचा प्रवाह अभ्यासला. अशा नळकांड्यात बहुतेक माल घट्ट गठ्ठ्यासारखा फिरतो आणि वरचा पातळ थर तेवढा उतारावरून वाहतो. चकचकीत गोळीवर दिव्याचे लहानसे प्रतिबिंब दिसते. शटर थोडा अधिक वेळ उघडे ठेवले की त्या प्रतिबिंबाची रेघ उमटते. रेघेची लांबी भागिले शटर उघडे राहिल्याचा काळ, हा त्या गोळीचा वेग, आणि रेघेचा कल ही तिची दिशा. दोन चित्रांतील दाण्यांच्या जोड्या जुळवण्याची भानगडच नाही, त्यामुळे महागड्या वेगवान कॅमेऱ्याशिवायही काम भागते. या मापांवरून २००४ मध्ये त्यांनी दाखवले की वाहत्या थरात एका ठरावीक खोलीपाशी वर्तन एकाएकी बदलते. त्या खोलीच्या वर दाण्यांच्या वेगांचे वितरण वायूतील रेणूंच्या वेगांसारखे असते, खाली मात्र ते निराळे रूप घेते आणि तळाकडे पदार्थ घन अवस्थेकडे झुकतो. ओर्पे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दाण्यांच्या प्रवाहांवर काम करू लागले. या पद्धतीलाही मर्यादा आहे: रेघ फार लांब झाली की शेजारच्या रेघांत मिसळते, फार आखूड झाली की ठिपकाच उरतो, आणि एकट्या रेघेवरून दाणा कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे गेला ते कळत नाही, ते प्रवाहाच्या सर्वसाधारण दिशेवरूनच ठरवावे लागते.

दाणे एकेक करून ओळखणे आणि चित्रागणिक त्यांचा माग काढणे ही दुसरी पद्धत. प्रत्येक दाण्याचा मध्य शोधण्यासाठी त्याच्या उजळ ठिपक्यातील सर्व पिक्सेलांच्या तेजस्वितेचा भारित मध्य काढतात, त्यामुळे जागा पिक्सेलच्या दहाव्या भागाइतक्या बारकाईने सापडू शकते. १९९६ मध्ये क्रॉकर आणि ग्रीअर यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी मांडलेली रीत आज दाण्यांसाठीही सर्रास वापरली जाते. या पद्धतीत प्रत्येक दाण्याचा स्वतंत्र मार्ग मिळतो, पण अट कडक आहे: दोन चित्रांमधील सरक दाण्यांच्या आपसातील अंतराच्या निम्म्याहून कमी हवी. ती ओलांडली की संगणक शेजारच्याच दाण्याला पहिला दाणा समजतो, आणि सारख्या आकाराच्या गोळ्या जेथे ओळीने रचल्या जातात तेथे चित्रपटातील गाडीची चाके उलटी फिरताना दिसावीत तसा प्रवाह मागे वाहताना दिसू लागतो. शिवाय काचमणी आणि पोलादी गोळ्या या पद्धतीला जेवढ्या सोयीच्या, तेवढा कोक गैरसोयीचा. कोकचा तुकडा काळा, वेडावाकडा आणि गडगडणारा. काळ्यावर काळे दिसत नाही आणि अर्धा फेरा फिरला की तो दुसराच तुकडा वाटतो. म्हणून प्रतिकृतीत काही तुकडे पांढरे रंगवून तेवढ्यांचाच माग काढतात.

जेथे एकेक दाणा ओळखणे शक्य नसते तेथे चित्राचे लहान चौकोन पाडले जातात, उदाहरणार्थ ३२ पिक्सेल बाजूचे, आणि पहिल्या चित्रातील चौकोनाची नक्षी दुसऱ्या चित्रात किती सरकवली असता सर्वाधिक जुळते ते गणिताने शोधले जाते. या जुळणीला सहसंबंध म्हणतात आणि जुळणी जेथे कमाल होते ती सरक म्हणजे त्या चौकोनाचे सरासरी विस्थापन. ही रीत १९८० च्या दशकात द्रवांसाठी घडवली गेली. पाण्यात ती वापरायची तर चमकणारे बारीक कण मुद्दाम सोडावे लागतात. दाण्यांच्या प्रवाहात दाणेच नक्षी पुरवतात. लुएप्टो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ती दाण्यांच्या प्रवाहावर चालवून दाखवली, तर केंब्रिजच्या व्हाइट, टेक आणि बोल्टन यांनी २००३ मध्ये मातीच्या विकृतीच्या मोजमापासाठी तिचे रूप तयार केले. तिच्यात दडलेला धोका असा की चौकोनाच्या वरच्या भागातील दाणे वेगाने बाहेर निघून जातात आणि हळू चालणारे मागे राहून जुळणीत अधिक वजन मिळवतात, त्यामुळे वेग प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. वेगात जेथे सर्वाधिक बदल असतो, म्हणजे नेमका जो भाग अभ्यासायचा असतो, तेथे ही चूक सर्वाधिक असते. १९८१ मध्ये लुकास आणि कानाडे यांनी मांडलेली, प्रत्येक बिंदूच्या तेजातील बदलावरून गती काढणारी तिसरी रीतही आहे, परंतु बिंदूचे तेज हालचालीत बदलत नाही हे तिचे गृहीतक चमकणाऱ्या, गडगडणाऱ्या दाण्यांपुढे फारसे टिकत नाही.

या सर्व पद्धतींबद्दल एक गोष्ट पुस्तकांत पुरेशा ठळकपणे येत नाही. चित्रफीत वेग मोजतच नाही; ती विस्थापन मोजते, आणि वेग हा त्या विस्थापनाला काळाने भागून काढलेला निष्कर्ष असतो. म्हणूनच अधिक वेगवान कॅमेरा म्हणजे अधिक अचूक माप, ही सर्वसाधारण समजूत चुकीची ठरते. वरच्याच उदाहरणात दाण्याचा मध्य ०.०२ मिलिमीटरच्या चुकीने सापडतो असे धरले, तर दोन चित्रांतील जागांचा फरक घेताना ही चूक सुमारे ०.०२८ मिलिमीटर होते. सेकंदाच्या हजाराव्या भागाने भागली की वेगातील चूक सेकंदाला २८ मिलिमीटर. सेकंदाला एक मीटर धावणाऱ्या वरच्या दाण्याच्या दृष्टीने ती तीन टक्क्यांच्या आतली आहे, पण प्रवाहाच्या तळाशी वेग झपाट्याने घटत जातो आणि तेथे दाणे सेकंदाला एखाद्याच मिलिमीटरने सरकत असतात. तेथे ही चूक मापाच्या २८ पट आहे. कॅमेऱ्याची गती आणखी वाढवली तर ती आणखी वाढेल. उपाय उलटा आहे: त्याच चित्रफितीतील एक सेकंद अंतरावरची दोन चित्रे घेतली की दाणा एक मिलिमीटर सरकलेला असतो आणि चूक पुन्हा तीन टक्क्यांच्या आसपास येते. मात्र हेच अंतर वरच्या थराला लावले तर तेथील दाणा केव्हाच चित्राबाहेर गेलेला असतो. एकाच चित्रफितीवरून वरच्या थरासाठी लहान, मधल्यासाठी मध्यम आणि तळासाठी मोठे कालांतर निवडून मोजणे यात प्रयोगकर्त्याचे कसब आहे, आणि चित्रफीत एकदाच टिपून अनेकदा वाचता येते, ही या साधनाची खरी ताकद आहे.

सरासरी वेगाच्या बाबतीत यादृच्छिक चुका पुष्कळ मापे घेतल्याने एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात. दाण्यांच्या धडपडीचे माप मात्र असे माफ करणारे नाही. प्रत्येक दाण्याचा वेग सरासरीपासून किती ढळतो याच्या वर्गाची सरासरी काढली की जे मिळते त्याला दाण्यांचे तापमान म्हणतात. उष्णतेशी त्याचा संबंध नाही, वायूतील रेणूंच्या धावपळीशी असलेल्या साम्यावरून ते नाव पडले. येथे चुकीचाही वर्ग होतो, वर्ग नेहमी धनच असतो, आणि म्हणून कितीही मापे घेतली तरी चूक नाहीशी न होता तापमानात मिसळून राहते. निश्चल ढिगाचे चित्रण करून मोजले तरी काही ना काही तापमान येतेच. कालांतर वाढवले तर चूक घटते, पण मग दाण्याचा नागमोडी मार्ग सरळ रेषेसारखा धरला जाऊन खरी धडपडच कमी दिसते. त्यामुळे तापमान कालांतरानुसार कसे बदलते याचा आलेख काढून, तो जेथे काही काळ सपाट राहतो तेथील आकडा स्वीकारणे आणि आधी निश्चल ढिगाचे माप घेऊन ते वजा करणे, ही रीत अधिक प्रामाणिक मानावी लागते. ज्या शोधनिबंधात दाण्यांचे तापमान दिलेले असते पण कालांतर दिलेले नसते, त्यातील आकड्यावर विसंबू नये.

पिक्सेलचे मिलिमीटरमध्ये रूपांतर करताना होणारी चूक साधी, म्हणूनच सर्रास घडणारी. मोजपट्टी काचेच्या बाहेरच्या बाजूला चिकटवली, काच दहा मिलिमीटर जाड असली आणि कॅमेरा अर्ध्या मीटरवर असला, तर दाणे पट्टीपेक्षा थोडे दूर असल्याने सारी मापे एक ते दोन टक्क्यांनी कमी येतात, आणि ही चूक यादृच्छिक नसल्याने कितीही सरासरी काढली तरी जात नाही. पट्टी दाण्यांच्या जागी, काचेच्या आतल्या बाजूला ठेवून एक चित्र घेणे एवढ्यानेच ती टळते.

याहून मोठा प्रश्न हा की कॅमेऱ्याला काचेलगतचा एकच थर दिसतो. काचेशी घासणारे दाणे आतल्या दाण्यांपेक्षा हळू चालतात. अरुंद पेटीत तर बाजूच्या भिंतींचे घर्षण एवढे प्रभावी ठरते की उतार नेहमीपेक्षा अधिक चढा राहू शकतो. आतले पाहण्याचे उपाय आहेत. काचमण्यांएवढ्याच अपवर्तनांकाच्या द्रवात मणी बुडवले की ते अदृश्य होतात आणि पातळ प्रकाशपट्टीने हवा तो छेद उजळता येतो. पण मग दाणे कोरडे राहत नाहीत. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या रीतीत एका दाण्याला किरणोत्सारी करून त्याचा माग पोलादी भिंतीआडूनही काढता येतो. मात्र एका वेळी एकच दाणा दिसतो आणि उपकरण फार थोड्या ठिकाणी उपलब्ध असते. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला परवडण्याजोगा उपाय याहून कितीतरी साधा आहे. पेटीच्या तोंडाखाली तराजू ठेवावा.

समजा, पेटी २०० मिलिमीटर रुंद व २० मिलिमीटर खोल आहे आणि वरच्या भागात काचेलगतचे मणी सरासरी सेकंदाला २० मिलिमीटर वेगाने खाली येताना चित्रफितीत दिसतात. काचेची घनता घनमीटरला २,५०० किलो आणि दाण्यांनी व्यापलेला वाटा ६० टक्के धरला तर सेकंदाला १२० ग्रॅम मणी बाहेर पडायला हवेत. तराजू १३५ ग्रॅम दाखवत असेल तर काचेवरचा वेग खोलीतील सरासरीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी आहे असा निष्कर्ष निघतो, किंवा ६० टक्क्यांचे गृहीतक तपासावे लागते. गोल दाणे सैल भरले तर साधारण ५५ आणि हलवून घट्ट बसवले तर ६४ टक्के जागा व्यापतात. पदार्थ निर्माणही होत नाही आणि नाहीसाही होत नाही, या नियमाचा एवढा स्वस्त उपयोग असूनही अनेक प्रयोगांत तो केलेला नसतो, हे नवलच म्हणावे लागेल.

प्रतिकृतीवरचे माप भट्टीला लावताना आणखी एक हिशेब करावा लागतो. गती आणि गुरुत्व यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखे ठेवायचे, तर एकास दहा प्रतिकृतीत वेग दहाच्या वर्गमूळाने, म्हणजे ३.१६ पटीने कमी होतात; भट्टीत पन्हळीवरून सेकंदाला सहा मीटर वेगाने सुटणारा माल प्रतिकृतीत १.९ मीटर वेगाने सुटेल. दाण्यांचा आकारही दहाने घटवायचा तर पन्नास मिलिमीटरचा कोक पाच मिलिमीटरचा होतो, ते ठीक. पण पाच मिलिमीटरचा सिंटर अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि एवढ्या बारीक कणांवर हवेचा विरोध, स्थिर विद्युत् व ओलावा यांचा प्रभाव जाणवू लागतो. दुर्ग-भिलाईचा उन्हाळा कोरडा असतो आणि पावसाळ्यात हवा दमट. दोन कणांमध्ये पाण्याचा सूक्ष्म सेतू तयार झाला की तेच मिश्रण वेगळ्या कोनात उभे राहते. म्हणून अशा प्रयोगात हवेतील आर्द्रतेची नोंद वेगाइतकीच आवश्यक आहे. १९७९ मध्ये कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी मांडलेल्या पद्धतीने संगणकात एकेका दाण्याची टक्कर मोजून संपूर्ण भट्टीचे गणित करता येते, पण त्या गणितात घालायचे घर्षणाचे गुणांक शेवटी अशाच काचेच्या पेटीतून यावे लागतात.

विस्तारित पोलाद कारखान्याचे लोकार्पण आणि आयआयटी भिलाईच्या कायमस्वरूपी संकुलाची पायाभरणी १४ जून २०१८ या एकाच दिवशी झाली. भट्टी, जामुलचा सिमेंट कारखाना, भातगिरण्या आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी एवढे जवळजवळ असलेल्या या परिसरात दाण्यांच्या प्रवाहाच्या अभ्यासाला विषयांची वाण नाही; तांदळासारखा लांबट दाणा वाहताना प्रवाहाच्या दिशेशी जवळजवळ समांतर वळतो, तेव्हा त्याच्या जागेबरोबर त्याचा कलही मोजावा लागतो, हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. आज अनेक मोबाइल फोन सेकंदाला २४० चित्रे टिपतात आणि संथ प्रवाहासाठी ती पुरतात, पण फोन दोन चित्रांमधील काळ नेहमी सारखाच ठेवतो असे नाही. म्हणून घरी किंवा शाळेत हा प्रयोग करणाऱ्याने चित्रणाच्या आरंभी त्याच चौकटीत एक गोळी सोडून द्यावी: स्थिर अवस्थेतून सुटलेली गोळी पाव सेकंदात सुमारे ३०.६ सेंटिमीटर खाली यायला हवी, आणि ती तशी येत नसेल तर पुढचा एकही आकडा वहीत उतरवू नये.